पेटीचे झाकण

गेल्या आठवड्यात शिकवणीच्या खोलीत एक लहानसा प्रसंग घडला. आठवीत शिकणारी एक मुलगी पेटीवर भूपाचे अलंकार वाजवीत होती, आणि मध्य सप्तकातला गांधार एकाएकी घोगरा बोलू लागला. मी तिला थांबविले, पेटीचे झाकण काढले, सुरांची फळी मोकळी केली आणि त्या सुराच्या पितळी जिभेखाली अडकलेली बारीकशी काडी कागदाच्या कपट्याने बाहेर काढली. फळी परत बसविली. गांधार पूर्ववत झाला. दहा मिनिटांचे काम. मुलगी मात्र डोळे विस्फारून पाहत राहिली होती. म्हणाली, "सर, ही उघडता येते?"

तिच्या प्रश्नात तिचा काही दोष नाही. तिच्या वाट्याला आलेल्या बहुतेक वस्तू उघडता येण्यासारख्या नाहीतच. घरी ती ज्या तंबोऱ्यावर रियाज करते तो फोनमध्ये असतो. त्याला ना भोपळा, ना घोडी, ना जवारीचा दोरा. मागे एकदा त्या तंबोऱ्याची नवी आवृत्ती आली आणि पंचमाऐवजी मध्यम लावण्याची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांपुरती उरली. "आता मालकंस कशावर म्हणू?" असे तिने मला विचारले होते. खरा तंबोरा असता तर तिनेच खुंटी पिळली असती.

माझे वडील, नाना, वयाच्या अठराव्या वर्षी, १९४५ साली, बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात पेटीच्या साथीसाठी लागले. (कारखाना हा शब्द आजच्या वाचकाला खटकेल, दरबारच्या गायक-वादकांच्या खात्याला आपल्या गावात तेच नाव होते.) चार वर्षांनी संस्थान विलीन झाले आणि ती चाकरी गेली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. मला आठवतात ते शिकवण्या करणारे नाना, आणि त्यांच्या मेजाचा खालचा खण. त्या खणात एक बारीक कानस, एक चिमटा, जिभेखाली सरकवायचे पातळ पाते आणि दोन-चार जुने सूर असत. नवी पेटी घरात आली की नाना ती प्रथम उघडीत. जिभेच्या टोकाकडून किंचित घासले की सूर चढतो, बुडाकडून घासले की उतरतो. एवढ्या सूत्रावर ते आख्खी दुपार घालवीत. बाजारातली पेटी पाश्चात्य समान अंतरांवर लावलेली असते. तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा चढा असतो, आणि ज्याचा कान तयार आहे त्याला तो टोचतो. नाना तो उतरवून घेत. अशी पेटी मग एका पट्टीत गोड लागते आणि दुसऱ्या पट्टीत तिचेच सूर बोचू लागतात, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या गवयाची साथ करायची त्याची पट्टी त्यांना माहीत असे. काय कमवायचे आणि काय गमवायचे, हे पेटी बनविणाऱ्याने ठरविले नव्हते. नानांनी ठरविले होते.

मुळात पेटी तरी आपली कोठे? पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून, दोन्ही हातांनी वाजवायचे. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या साथीदाराला त्याचा उपयोग शून्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताचा भाता बसविला आणि ते बैठकीत आणले. पुढे कारागिरांनी आधारसुरांच्या खिट्ट्या घातल्या, पट्टी सरकविण्याची युक्ती काढली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स हे इंग्रज अधिकारी यांनी तर श्रुतींचा हिशेब मांडून निराळीच श्रुती-हार्मोनियम घडवून घेतली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले आणि ते कित्येक वर्षे बंदच राहिले, तरीही घरोघरी तिच्यावर कानशी चालतच होत्या. या सर्व उद्योगासाठी पॅरिसला पत्र पाठवून कोणी परवानगी मागितली नाही. झाकण स्क्रूने लावलेले होते. ज्याला गरज पडली त्याने काढले.

आता संगणकाकडे वळतो. हा माझा प्रांत नव्हे, आणि जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात. पण जी गोष्ट रोज वापरावी लागते तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार वापरणाऱ्यालाही असतोच.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत. तेथील जुन्या छपाई यंत्रात कागद अडकत असे. यंत्र दुसऱ्या मजल्यावर, वाट पाहणारा आपल्या खोलीत. स्टॉलमन यांनी यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये थोडा बदल केला. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सर्वांना निरोप जाऊ लागला. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेला नवे लेसर यंत्र भेट दिले. कागद त्यातही अडके. पण त्याच्या प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला सोर्स कोड, कंपनीने दिलाच नव्हता; दिले होते ते फक्त यंत्राला समजणारे रूपांतर. दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकाकडे ती संहिता होती. स्टॉलमन त्याच्याकडे गेले. कोणाला देणार नाही असे वचन कंपनीला लिहून दिले आहे, असे सांगून त्याने नकार दिला.

एवढ्याशा कारणावरून माणूस किती पेटावा! १९८३ साली स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली, आणि १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना लिहिला. त्यामागची मागणी चार स्वातंत्र्यांची आहे: प्रोग्रॅम हव्या त्या कामाला चालवावा, तो कसा चालतो ते वाचावे व हवा तसा बदलावा, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्याव्यात, आणि बदललेली प्रतही द्यावी. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले आणि पुढल्याच वर्षी ते या परवान्याखाली आणले. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तेच आहे. ओपन सोर्स हा शब्द १९९८ चा. स्टॉलमन यांना तो आवडत नाही, कारण त्यात सोय सांगितली जाते आणि हक्क मागे पडतो. त्या भांडणात आपण शिरायला नको. घराण्यांची भांडणे आपल्याला नवी नाहीत.

या परवान्यातली एक अट मला विशेष भावली. तुम्ही घेतलेला प्रोग्रॅम सुधारून पुढे देणार असाल, तर तुमची सुधारलेली संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. घेताना झाकण उघडे आणि देताना कुलूप, असे चालणार नाही. पैसे घेण्यास मनाई नाही. फुकटपणा आणि मोकळेपणा या दोन गोष्टींत आपल्याकडे फार गल्लत होते. फोनमधला तंबोरा सुरुवातीस फुकट होता. मोकळा कधीच नव्हता.

हे सारे मला परदेशी वार्तेसारखे वाटले असते, पण मी स्वतः पोळलो आहे.

नानांची एक वही होती. तीत १४३ चीजा भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत उतरविलेल्या. २००४ साली नाना गेले. कागद पिवळा पडत चालला होता, म्हणून २००९ ते २०११ अशी दोन वर्षे रोज रात्री बसून मी ती वही संगणकावर उतरविली. त्यासाठी देवनागरी स्वरलिपीचा एक प्रोग्रॅम विकत घेतला. माझ्या ऐपतीच्या मानाने महाग होता, पण काम सुरेख करी: कोमलाखाली रेघ, तीव्राच्या डोक्यावर दांडी, मींडेची कमान, सम आणि खालीच्या खुणा, सर्व जागच्या जागी. संगणकाला लावायची एक छोटी किल्ली त्यासोबत आली होती. ती नसेल तर प्रोग्रॅम उघडत नसे. विद्यार्थ्यांना लागतील तशा ५८ चीजा मी छापूनही घेतल्या. २०१९ च्या जुलैअखेरीस अतिवृष्टी होऊन विश्वामित्रीला पूर आला, आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि वहीचा लगदा झाला. मी शांत होतो. संगणक माडीवर होता.

दोन वर्षांनी तो संगणक बंद पडला आणि जाता जाता किल्लीही जाळून गेला. नवी किल्ली मागावी तर ज्यांनी प्रोग्रॅम विकला ते दुकान उठलेले. दूरध्वनीला उत्तर नाही. माझ्या फाइली शाबूत आहेत. १४३ च्या १४३. त्या उघडणारे जगात काही नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या कामात आहे. त्याने सुट्टीत येऊन खटपट केली. शब्द त्याने परत मिळविले. पूर्वी प्रत्येक कंपनीचा देवनागरी टंक आपापल्या सांकेतिक क्रमाने चाले, एका टंकातला 'क' दुसऱ्यात भलतेच चिन्ह दाखवी. असे मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने अनेक लोकांनी तयार करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, त्यांचा आधार मिळाला. पण सूर आणि मात्रा त्या प्रोग्रॅमने आपल्या खाजगी रीतीने गुंडाळून ठेवल्या होत्या. ती रीत कोठे लिहिलेली नाही, आणि आत डोकावणार नाही असे मी विकत घेतानाच करारात मान्य केले होते. वाचले कोणी होते? अशा रीतीने ८५ चीजांचे शब्द आज माझ्यापाशी आहेत आणि चाली नाहीत. स्थायी वाचतो आणि पहिली मात्रा कोठे पडते तेच कळत नाही.

दोन वर्षे रोज रात्री मी त्या चीजा उतरविल्या, तेव्हा पाठ का केल्या नाहीत, असे कोणी विचारील. हा प्रश्न मीही स्वतःला विचारतो.

हे माझ्यासारख्या लहान गिऱ्हाइकापुरते घडते असे मात्र समजू नये. फिनाले हा पाश्चात्य स्वरलेखनाचा प्रोग्रॅम १९८८ पासून चालत आलेला. जगातील कितीतरी संगीतकारांचे आयुष्यभराचे काम त्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने तो बंद करीत असल्याचे जाहीर केले, आणि वर्षभरानंतर नव्या संगणकावर तो चालू करून मिळणार नाही असेही सांगितले. ओरड झाल्यावर ही दुसरी अट मागे घेतली. मालकाची मर्जी फिरली म्हणून बरे. याउलट सर्ज नावाचा सूरनिर्मितीचा प्रोग्रॅम पाहा. त्याचे कर्ते क्लेस योहानसन यांनी तो पुढे चालविणे थांबविले तेव्हा २०१८ साली त्याची संहिता जीपीएल परवान्याखाली खुली केली. हौशी लोकांनी तो उचलला, वाढविला, आणि त्यात हवी ती स्वरांतरे लावण्याची सोयही घातली. म्हणजे नानांची कानसच की!

आता एक आक्षेप घेतो, कारण तो माझ्या घरातलाच आहे. आपले संगीत तर गुप्ततेवर जगले. गंडा बांधल्याशिवाय चीज नाही, बांधल्यावरही अंतरा अर्धाच. जी विद्या उस्तादाच्या पोटाची भाकर होती ती त्याने चव्हाट्यावर का मांडावी? आक्षेपात तथ्य आहे, आणि भाकरीचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पण याच बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि स्वतःची स्वरलिपी वापरून वर्गात गाणे शिकविले. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच गावी भरली, तिचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे. त्यांनी घराण्याघराण्यांतून मिळविलेल्या शेकडो चीजा क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. गाणे कागदावर मरते, नवशिके त्याची वाट लावतील, अशी टीका त्यांनी सोसली. काही टीका खरीही ठरली. पुस्तकावरून म्हटलेला यमन मी परीक्षक म्हणून पुष्कळ ऐकला आहे. तरी ती पुस्तके आज नसती तर काय उरले असते, याचा विचार करवत नाही. माझी वही तर भातखंड्यांच्याच स्वरलिपीत होती. त्या स्वरलिपीला किल्ली लागत नाही.

नानांनी त्या १४३ चीजा कशा मिळविल्या, हेही सांगून टाकतो. त्यांना त्या कोणी दिल्या नव्हत्या. साथीला बसून, कानाने टिपून, रात्री घरी येऊन त्यांनी लिहिल्या. "या मला दिलेल्या नाहीत, माझ्या कानावर पडल्यात," असे म्हणून ते वही कुलपात ठेवीत, आणि निवडक शिष्यांना त्यातली एखादी तोंडी सांगत. कुलूप त्यांनीही लावले होते. मी त्याचे फक्त नव्या तऱ्हेचे कुलूप केले. म्हणून मला एकट्या त्या दुकानदाराला नावे ठेवता येत नाहीत.

आणखी एक प्रश्न माझे मित्र विचारतात: "तुला संहिता दिली तरी तू काय वाचणार?" काही नाही. पण आपल्या गावातले किती पेटीवाले स्वतः सूर लावतात? ते कारागिराकडे जातात. महत्त्व याला आहे की कोणत्याही कारागिराकडे जाता येते. माझा विद्यार्थी माझा कारागीर होता, आणि त्याच्या हातात बंद पेटी होती.

मोकळेपणात धोका नाही असेही नाही. मार्च २०२४ मधली हकीगत आहे. फाइली आवळून लहान करणारा एक्सझेड नावाचा खुला प्रोग्रॅम, असंख्य संगणकांत बसलेला. तो अनेक वर्षे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळीत असे. जिया टॅन असे नाव सांगणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे गोडीगुलाबीने मदत करून त्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळविला आणि मग त्यात चोरदरवाजा घातला. तो उघडकीस कसा आला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! द्रुत लयीत मात्रा चुकली की तबलजीची मान जशी वळते, तसाच हा माणूस वळला. संहिता खुली होती म्हणून त्याला मुळापर्यंत जाऊन शोधता आले. पण तो नसता तर? आणि ज्याच्या फुकटच्या मेहनतीवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत, त्याची विचारपूस आधी कोणी का केली नाही? दरबार गेल्यावर कलावंतांचे काय झाले ते पाहिलेल्या घरातला मी. खुले सॉफ्टवेअर म्हणजे आपोआप पिकणारे शेत, असे मानणाऱ्यांशी माझे जुळत नाही. आश्रय लागतो. माझ्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून मी आता अशा एका प्रकल्पाला वर्षाकाठी थोडी रक्कम पाठवितो, जुन्या प्रोग्रॅमच्या किमतीपेक्षा बरीच कमी.

केरळातील शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्याला आता बरीच वर्षे झाली. आपल्या गावातल्या गायनवर्गांनी आणि संगीतमंडळांनी निदान एवढे पाहावे, की जुन्या बैठकींची ध्वनिमुद्रणे आणि चीजासंग्रह संगणकावर चढविण्याचा जो उत्साह सध्या सर्वत्र आहे, त्यात फाइली कशा स्वरूपात ठेवल्या जात आहेत. दुकानदाराला विचारावे: तू उद्या नसलास तर हे कशाने उघडेल? उत्तर देताना तो घुटमळला तर पैसे खिशात ठेवावेत.

माझ्यापुरते मी काम पुन्हा सुरू केले आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले देवनागरी टंक खुल्या परवान्याखाली मिळतात. त्यांतल्या एकात माझ्या विद्यार्थ्याने स्वरलिपीच्या खुणा घातल्या आणि बदललेल्या टंकाला निराळे नाव दिले; मूळ नाव राखून ठेवण्याची सोय त्या परवान्यातच आहे, म्हणजे आमच्या चुका मूळ कर्त्याच्या माथी बसू नयेत. मला हे घराण्याच्या रीतीला धरून वाटले. ५८ चीजा त्या टंकात पुन्हा लिहून झाल्या, साध्या मजकुराच्या फाइलीत, आणि कागदावरही. ज्याला हव्या त्याला देतो.

उरल्या ८५. गेल्या दिवाळीत नानांच्या एक जुन्या शिष्या, वय अठ्ठ्याहत्तर, भेटीस आल्या होत्या. मी त्यांना शब्दांचे कागद दाखविले. चष्मा लावून त्यांनी एकेक पान उलटले, एका पानावर थांबल्या आणि हातावर ताल धरून स्थायी म्हणाल्या. जयजयवंतीची होती. अंतऱ्याची चाल मात्र काही केल्या आठवेना. आठवली की कळविते म्हणून गेल्या. तशा ८४ अजून आहेत. १९५० नंतर नानांकडे शिकलेली मंडळी गावात आहेत, अहमदाबादेस, मुंबईस आहेत. ज्यांना एखादी ओळ जरी आठवत असेल त्यांनी यावे किंवा घरच्या कोणाकडून फोनवर म्हणून पाठवावी. सूर घसरला तरी चालेल. सकाळी दहानंतर मी घरीच असतो.